डाव्या सीटपुढचा ब्रेक

"हा ब्रेक माझा हाय."

जेवताना कुणी मीठ मागावं इतक्या सहज मेजर हे म्हणत. शिकणारा माणूस स्टिअरिंगला लटकून घामाघूम झालेला असे, पुढ्यात म्हैस नाहीतर सायकल आलेली असे आणि गाडी जागच्या जागी थांबे. जमलं बुवा, असं हसू त्याच्या तोंडावर उमटायच्या आत डावीकडून आवाज येई, "हा ब्रेक माझा हाय. तुमचा अजून यायचाय."

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी तुम्ही आतून पाहिली असेल. नसेल तर सांगतो. शिकवणारा डावीकडे बसतो आणि त्याच्याही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्याने तो दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपोआप खाली जातो. पाय नुसता टेकवलेला असला तरी आपणच दाबला असं वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला थांबलेली गाडी दिसते. कुणाच्या पायाने थांबली, ते आतल्यालाही पुष्कळदा कळत नाही.

मेजरांबद्दल लिहायचं तर या ब्रेकबद्दल लिहावं लागतं आणि ब्रेकबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल खरं सांगावं लागतं. इतकी वर्षं ते टाळलं. आता आधीच सांगून टाकतो. माझ्यामुळे एक बाई गेली, तो दोष मेजरांनी स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला.

फौजेत ते मेजर कधीच नव्हते, ट्रक चालवत होते. पण आमच्या भागात पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात आणि तोही नको म्हणत नाही. गाव पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यात. ड्रायव्हिंगची शाळा मात्र त्यांनी सांगलीत काढली. उंच, वाळका माणूस, इस्त्रीचा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे पातळ बूट. "जाड तळव्याला गाडी बोलत न्हाई," म्हणत. मी त्यांच्याकडे शिकवायला आलो तो द्राक्षांचा टेम्पो चालवणं सोडून. पहिल्या दिवशी त्यांनी माझे बूट बदलायला लावले.

शिकवणीचा चौथा दिवस अपघातांचा. त्या दिवशी ते स्वतः गाडी चालवत आणि शिकणाऱ्याला शेजारी बसवून मिरज रस्ता, तासगाव रस्ता असे फिरवत. "अपघात लय जातीचे नसत्यात," ते सुरू करत. "पाच-सहाच जाती. बाकीची सगळी त्यांचीच पोरं." रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी दिसली की गाडी तिच्यापासून लांब थांबवून म्हणत, "ही पहिली. पाठीत घुसायची. ट्रॉली दिसत न्हाई असं न्हाई, दिसती. पण ती हुबी हाय का चालल्या, हे कळूस्तवर आपण तिच्याजवळ आल्यालो असतोय." कापडपेठेत एका दुकानापुढे हळू होऊन, "हितं एका मोटरसायकलवाल्यानं कुणाचं तरी उघडल्यालं दार छातीवर घेतलं. दार उघडणारा निस्ता चहाला उतरत हुता." सरळ, मोकळ्या रस्त्यावर ते काच खाली करत. मग म्हणत, "झोप वळणावर येत न्हाई. हितं येती."

मागे घेण्याच्या अपघाताला ते अंगणातला अपघात म्हणत. त्यासाठी प्रत्येकाला गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून मागून चक्कर मारायला लावत, मोकळ्या मैदानातसुद्धा. एक वकीलबाई वैतागल्या. "मेजर, मागं काय असणार आहे इथं?"

"बघून आलासा की मला बी सांगा," मेजर म्हणाले.

बाई उतरल्या. मागे एक कुत्रं चाकाला पाठ लावून झोपलं होतं. बाई त्याला उठवून परत येऊन बसल्या.

शेवटच्या दिवशी मेजरांचा राऊंड असे. त्या दिवशी ते डाव्या सीटवर बूट काढून चक्क मांडी घालून बसत. देवळात बसावं तसे. पाय ब्रेकपासून लांब आहेत, हे शिकणाऱ्याने डोळ्यांनी बघावं म्हणून. काहीजण तेवढ्यानेच गळाठत. तासाभरात कुठेतरी, कसलंच कारण नसताना, ते मोठ्याने "थांबा" म्हणत. गाडी थांबली नाही तर आणखी आठ दिवस. कुणाच्या ओळखीने हे आठ दिवस कमी झालेले मी पाहिले नाहीत.

या राऊंडआधी ते मला रोज संध्याकाळी विचारत, "तुझे किती?"

म्हणजे आज माझ्या पायाचे ब्रेक किती. मी पाच म्हणालो तर पाच, दोन तर दोन. सलग तीन दिवस एकही नाही असं मी म्हटलं की ते मांडी घालून बसायला तयार होत. माझ्या शब्दाखेरीज त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आता माझं ऐका. मेजरांसारखं "हा ब्रेक माझा" असं मीही सुरुवातीला म्हणत असे. पण माणसाचं तोंड उतरतं हो. पन्नाशीची माणसं, हुद्द्यावरची माणसं, त्यांना प्रत्येक वळणावर तुमचं चुकलं म्हणून कोण सांगणार. एकदा एका बँकेतल्या साहेबांसाठी मी गुपचूप ब्रेक दाबला आणि गप्प बसलो. साहेब इतके खुलले की पुढचं अर्धं अंतर त्यांनी गाणं गुणगुणत गाडी चालवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना माझ्याकडे पाठवलं. मग ते अंगवळणी पडलं. लहानसहान ब्रेक शिकणारे स्वतः मारत, मोठा प्रसंग आला की माझा पाय आधीच खाली गेलेला असे. माझ्या हाताखालची माणसं पंधरा दिवसांत तयार होऊ लागली. लोक म्हणू लागले, मेजर कडक आहेत, सरांच्या हाताला गुण आहे. सर म्हणजे मी. मला ते आवडायचं.

आणि मेजरांचा राऊंड? आपली माणसं त्यात पास कशी होतील, हेही मी शिकून घेतलं होतं. "मेजर थांबा म्हणतील, तेव्हा पाय जोरात दाबा," एवढं आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. कुणीतरी ओरडणार हे माहीत असलेला माणूस थांबतोच. रस्ता ओरडत नाही.

अण्णा तासगावजवळचे बेदाण्याचे व्यापारी. जैन माणूस, मऊ बोलणं, पांढराशुभ्र सदरा. आयुष्यभर ड्रायव्हर होता, तो सोडून गेला तेव्हा हट्टाला पेटून स्वतः शिकायला आले. शिकताना मागच्या सीटवर काकूंना, म्हणजे बायकोला, बसवत. काकू हातात पिशवी धरून मधोमध बसत आणि आरशातून माझ्याकडे बघत. मला वाटायचं घाबरल्यात.

अण्णांची शिकवणी संपली तेव्हा मेजर गावाकडे होते. भावकीतलं कोणी गेलं होतं. अण्णांना घाई होती, काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं आणि भाड्याच्या गाडीत बसायला त्या तयार नव्हत्या. मी मेजरांना फोन लावला.

"राऊंड ऱ्हायलाय की," ते म्हणाले.

"आवं, ते थांबायला तयार नाहीत."

तिकडे बराच वेळ माणसांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "तुझे किती?"

"तीन दिवसांत एकही नाही."

"मग सोड," ते म्हणाले.

त्यानंतर चौथ्या दिवशी भर सकाळी, स्वच्छ उन्हात, अण्णांची नवी गाडी उसाच्या ट्रॉलीत मागून घुसली. ट्रॉली वळायला म्हणून हळू झाली होती. काकू त्या दिवशी पुढे, डावीकडे बसल्या होत्या. ऊस काचेतून आत आला होता. एवढंच सांगतो.

मेजर त्याच दुपारी आले. ट्रॉली बाजूला घेतली होती, रस्त्यावर उसाची कांडकी पडली होती. ते रस्त्याच्या कडेकडेने मागे चालत गेले, बरेच लांब, आणि वाकून बघत परत आले. टायर घासल्याची एक रेघसुद्धा नव्हती. गॅरेजवाल्याने ब्रेक तपासले, ते नव्यासारखे होते, कारण ते नवेच होते. हॉस्पिटलात अण्णा एकच सांगत होते, "मी पाय ठेवला हुता, मेजर. रोज जायचं तसं पायडल खाली गेलंच न्हाई."

बाहेर व्हरांड्यात मेजर माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही. "तुझे किती हुते? खरं सांग."

मी त्यांच्या बुटांकडे बघितलं आणि म्हणालो, "एकही नाही, मेजर."

त्यांनी मान हलवली. भिंतीला हात लावून खाली बसले. "म्हंजे माझंच," ते म्हणाले. "फोनवर सोडला मी. मांडी घालून बसलो असतो तर कळलं असतं."

महिन्याभरात त्यांनी शाळा माझ्या स्वाधीन केली. चाव्या देताना म्हणाले, "तू चालव. तुझा शब्द खरा हाय." मी चाव्या घेतल्या.

पुढची सात वर्षं मी शाळा चालवली. प्रत्येक ब्रेक मोठ्याने सांगून मारला, नाक मुठीत धरून. त्याने काही फिटत नाही, हे मला कळत होतं. मेजरांची खबर अधूनमधून येई. ते गाडीत बसत नाहीत, एसटीतही नाही. पेन्शनसाठी पाटणला चालत जातात, चालत येतात. मी ऐकून घेई आणि कामाला लागे.

गेल्या वर्षी एक बाई नणंदेचं नाव घालायला शाळेत आल्या. जुन्या शिष्या, माझ्याच हाताखालच्या. हसत म्हणाल्या, "सर, तुमच्या शेजारी बसलं की गाडी कशी लोण्यावानी थांबायची. आता दोनदा ब्रेक बदलून घेतले, तरी तसं काय जमत न्हाई बघा."

मी त्यांना चहा दिला. त्या गाडी घेऊन गेल्या. वळणापर्यंत मी त्यांच्या गाडीच्या ब्रेकच्या दिव्यांकडे बघत होतो. ते उशिरा लागले. फार उशिरा.

दुसऱ्या दिवशी मी पाटणच्या वाटेला लागलो.

मेजर ओट्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. खूप उतरले होते. "ये," म्हणाले, जणू कालच भेटलो होतो. मी उभाच राहिलो. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून परत आलो असतो, हे मला ठाऊक होतं.

"मेजर, अण्णांच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतं. फोनवर एकदा आणि हॉस्पिटलात एकदा."

"व्हय."

"दोन्ही वेळा मी खोटं बोललो."

त्यांची बोटं शेंगेवर थांबली, मग पुन्हा चालू झाली. "किती हुते?"

"मोजले नाहीत. मोठे सगळे माझेच होते."

त्यांनी टोपलीतल्या सगळ्या शेंगा संपवल्या. मला वाटलं आता ते उठून आत जातील, आणि ते बरंच होईल. पण त्यांनी टरफलं एका बाजूला केली आणि विचारलं, "बाकीची कुठं हायत?"

"कोण बाकीची?"

"अण्णा एकटाच हुता व्हय तुझ्या हाताखाली? ज्यांचे ब्रेक तू मारलेस ती सगळी. कुठं हायत ती आता?"

सात वर्षं मी एका मेलेल्या बाईचा विचार करत होतो. जिवंत माणसांचा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. "गाड्या चालवतात," मी म्हणालो.

मेजर आत गेले आणि बूट घालून बाहेर आले.

माझ्या गाडीचं डावं दार त्यांनी स्वतः उघडलं. बसताना एका हाताने वरचं कडं धरलं आणि ते कराडपर्यंत सोडलं नाही. रस्त्यात ते एकच वाक्य बोलले. "आदी अण्णाकडं. आन् तूच सांगायचं. मोठ्यानं."

अण्णा बेदाण्याच्या शेडमध्ये होते. मी सांगितलं. अण्णांनी समजून घ्यायला वेळ घेतला. "म्हणजे गाडी थांबायची, ती तुमी थांबवायचा?"

"हो."

ते मूठभर बेदाणे हातात घेऊन परत खाली सोडत होते. "ही मागं बसायची," ते म्हणाले. "रोज घरी आल्यावर म्हणायची, आवं, ते सर लय पाय हलवत्यात. मी म्हणायचो, गप बस, तुला गाडीतलं काय कळतंय."

निघताना अण्णा मेजरांना म्हणाले, "तुमी येत जावा. ह्यास्नी आणू नका." ते बरोबरच होतं.

त्यानंतर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. शाळेतल्या जुन्या फॉर्मांवरून नावं काढली, फोटो लावलेले, पत्ते अर्धेमुर्धे. मेजर माझ्याकडेच राहिले. लोकांच्या घरी जायचं, मी सगळं सांगायचं, मग मेजर त्यांच्याच गाडीत डावीकडे मांडी घालून बसायचे. काहीजण हसले, काहींनी दार लावून घेतलं. ते बँकेतले साहेब तर चिडले. "मेजर, बारा वर्षं गाडी चालवतोय मी. एक ओरखडा नाही."

"बरोबर हाय," मेजर म्हणाले. "आजवर कुणी आडवं आलं न्हाई."

साहेब गुरकावत गाडीत बसले. मेजरांनी थांबा म्हटल्यावर गाडी जिथे थांबली, तिथे उतरून साहेबांनी मागे बघितलं. अंतर त्यांना स्वतःलाच दिसलं. तिथल्या तिथे रुमाल काढून त्यांनी मान पुसली. पुढचे आठ दिवस रोज सकाळी त्यांची गाडी शाळेच्या दारात उभी असायची, आम्ही पोहोचायच्या आधी.

मेजर मला रागावले नाहीत असं नाही. ते माझ्याशी फक्त कामाचं बोलत. माझ्या घरचं जेवत, पण माझ्याबरोबर बसून नाही. एकदाच, विट्याहून परत येताना, एका माणसाचे ब्रेक खरोखर चांगले निघाले म्हणून खुशीत होते. तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझा पाय लय चांगला हाय, गड्या. लय अचूक. म्हणून कुणाला कळलं न्हाई."

दिवाळीला ते घरी गेले. चार दिवसांनी पुतण्याचा फोन आला. सकाळी उठलेच नाहीत. मी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांचे कॅनव्हासचे बूट ओट्यावर वाळत घातले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी ते धुतले होते, सोमवारी माझ्याकडे यायचं म्हणून. पुतण्या म्हणाला, न्या तुम्ही. मी नेले नाहीत.

नावं अजून शिल्लक होती. मी एकटाच जाऊ लागलो. एकट्या माणसाला लोक पटकन गाडीत बसू देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मेजरांच्या नुसत्या उभं राहण्याने दारं उघडत होती.

परवा कवठे महांकाळकडच्या एका शिक्षिकेच्या घरी गेलो. फाटकाला कुलूप होतं. शेजारची बाई अंगणात मिरच्या पसरत होती.

"बाई न्हाईत व्हय?" मी विचारलं.

"आत्ताच गेल्या की गाडी घिऊन. साताऱ्याला. शाळंतल्या दोघी बी हायत संगं." तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "काय निरोप द्यायचा हुता?"

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, मेजर सांगायला लावत तसं मोठ्याने. ती मिरच्यांवर हात फिरवत ऐकत होती. मग हात थांबला. ती उभी राहिली आणि कमरेची पिशवी चाचपून मोबाईल काढला.

"नंबर हाय माझ्याकडं. लावू?"

मी हो म्हणणार होतो. मग डोळ्यांपुढे आलं, पर्समध्ये फोन वाजतोय, बाई एका हाताने पर्स शोधतेय, तेवढ्यापुरती मान खाली घालते आहे.

"नको," मी म्हणालो. "गाडी चालवत असतील."

"मग?"

तिचा अंगठा फोनवर तसाच राहिला. आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिलो.